जगात एकच असलेली रेसिंग कार पुन्हा उभी करताना

एकच नग बनलेली जुनी रेसिंग कार ताब्यात आली की पहिला मोह होतो तो पाना उचलण्याचा. तो आवरायला हवा. शेकड्यांनी बनलेल्या गाडीचं काही अडलं तर तसलीच दुसरी गाडी बघता येते, पार्ट्स बुक मिळतं, जुना मेकॅनिक सापडतो. एकमेव गाडीच्या बाबतीत यातलं बहुतेक काहीच नसतं. बनवणारे गेलेले असतात आणि ड्रॉइंग बहुधा कधी झालेलीच नसतात, कारण रेसच्या घाईत खडूने जमिनीवर आखून भाग कापले जायचे. तिची खरी माहिती तिच्याच लोखंडात असते: घासलेल्या खुणांत, बुजवलेल्या भोकांत, वाकलेल्या पत्र्यात. गंज आणि मोडतोड साफ करताना ही माहितीही पुसली जाते आणि मग ती कुठूनच परत मिळत नाही. म्हणून खाली दिलेल्या कामांमध्ये निम्म्याहून जास्त गोष्टी बघण्याच्या, मोजण्याच्या आणि लिहून ठेवण्याच्या आहेत.

हे सगळं समजून घ्यायला वेल्समधल्या ‘बॅब्स’इतकी चांगली गाडी दुसरी नाही. काउंट लुई झ्बोरोव्स्की यांनी ती ‘हायम स्पेशल’ या नावाने बनवून घेतली. २७ लिटरचं, सुमारे ४५० हॉर्सपॉवरचं लिबर्टी व्ही-१२ हे विमानाचं इंजिन, ब्लिट्झन बेंझ या रेसिंग कारचा गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना चेन ड्राइव्ह अशी तिची रचना. १९२४ मध्ये झ्बोरोव्स्की इटलीतल्या मोंझाच्या रेसमध्ये अपघातात मरण पावले आणि वेल्श इंजिनिअर जे. जी. पॅरी-थॉमस यांनी ती १२५ पौंडांना घेतली, सुधारली. एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनच्या वाळूवर तिने ताशी १७१.०२ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर, असा जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी तो मोडला. तो परत मिळवायला गेलेले पॅरी-थॉमस ३ मार्च १९२७ रोजी त्याच किनाऱ्यावर अपघातात मरण पावले आणि गाडी तिथेच वाळूत पुरली गेली. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या तंत्रशिक्षणाच्या अध्यापकांनी ती उकरून काढली आणि पुढची दीडेक दशकं खपून पुन्हा चालती केली.

चेन तुटून चालकाच्या डोक्याला लागली आणि अपघात झाला, असं तोवर सगळे सांगत. गाडी वर आल्यावर तिची मोडतोड नीट पाहिली गेली तेव्हा संशय मागच्या चाकाकडे वळला. चार दशकं खाऱ्या वाळूत सडलेलं लोखंड तोवर साक्ष देण्याजोगं उरलं होतं. बाहेर काढल्या काढल्या कुणी ते सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने घासून, सरळ केलं असतं, तर चेनची गोष्टच कायमची खरी ठरली असती.

आधी कागद आणि हक्क

गाडी कुणाची आहे हे ठरल्याशिवाय तिच्यावर एक रुपयाही घालू नका. विक्रीच्या पावत्या, जुन्या मालकांची पत्रं, रेसच्या नोंदणीचे कागद, विम्याचे कागद, सगळं गोळा करून तारखेच्या क्रमाने लावा. मध्ये जिथे मोकळी वर्षं दिसतील, तिथे गाडी कुणाकडे आणि कोणत्या रूपात होती याचा शोध घ्या.

ही साखळी किती महत्त्वाची आहे ते १९९० मधल्या लंडनच्या एका खटल्यात दिसलं. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं फ्रान्समधली ल माँची २४ तासांची रेस जिंकलेली. तिचा एक कोटी पौंडांचा सौदा झाला आणि मग खरेदीदाराने हरकत घेतली, की यात १९२९ चं लोखंड फारसं उरलेलंच नाही, मग ही तीच गाडी कशी? न्यायमूर्ती ओटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. भाग बदलत गेले, पण गाडीचं अस्तित्व कधी खंडित झालं नाही आणि त्याच नावाची दुसरी गाडी कधी उभी राहिली नाही, हे त्या निकालाचं सार. तुमच्याकडेही भाग बदलले जाणारच. ते कधी, कुणी, का बदलले याची नोंद सलग असेल तर गाडीची ओळख टिकते.

जुने फोटो मिळतील तितके मिळवा. वर्तमानपत्रांची संग्रहालयं, रेसट्रॅकचे दफ्तर, जुन्या चालकांच्या घरचे अल्बम. फोटोवरून मापं काढता येतात: टायरवरचा आकडा किंवा रिमचा व्यास कळला की बाकीच्या लांब्या त्या प्रमाणात मिळतात. मात्र फोटो तिरका असेल तर मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान दिसतं, म्हणून मापं शक्यतो थेट बाजूने घेतलेल्या फोटोवरूनच काढा.

गाडीचं पुढे काय करायचं?

आहे तशी जपायची, चालती करायची की पुन्हा रेसमध्ये उतरवायची, हे नट सैल करण्याआधी ठरवा. स्वित्झर्लंडमधल्या मॅजोरे तलावातून २००९ मध्ये १९२५ ची बुगाटी ब्रेशिया वर काढली. ती सात दशकांहून जास्त काळ पाण्यात होती आणि तिची एक बाजू जवळपास विरघळली होती. पुढच्या वर्षी लिलावात ती २,६०,५०० युरोंना गेली आणि घेणाऱ्या संग्राहकाने ती तशीच, गंजलेल्या अवस्थेत, प्रदर्शनात मांडली. माझ्या मते तो निर्णय अगदी योग्य होता. चालत्या ब्रेशिया जगात आहेत. तलावाने खाल्लेली ती एकच. बॅब्सचं उलट होतं. तिचं सगळं मोल तिच्या इंजिनाच्या आवाजात आणि वेगात होतं, त्यामुळे ती चालती करणंच बरोबर.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ मध्ये मंजूर केलेली ट्युरिन सनद या टप्प्यावर वाचून घ्या. जपणं आधी, दुरुस्ती नंतर, आणि केलेला प्रत्येक बदल ओळखता यावा, ही तिची दिशा आहे. रेसमध्ये उतरायचं असेल तर मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे ‘एफआयए’चा, हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो. त्यात गाडी तिच्या काळात कशी होती याचे पुरावे मागतात, म्हणजे वरचे फोटो आणि कागद तिथेही लागतातच.

तीन याद्या करा

‘एकमेव’ गाडीतला प्रत्येक भाग एकमेव नसतो. ही गोष्ट लवकर उमगली तर पैसे आणि वर्षं दोन्ही वाचतात. सगळ्या भागांच्या तीन याद्या करा. पहिलीत बाजारातून घेतलेले भाग: मॅग्नेटो, कार्बुरेटर, घड्याळं, बेअरिंग, चेन. दुसरीत दुसऱ्या गाडीतून उचललेले. तिसरीत फक्त या गाडीसाठी घडवलेले.

बॅब्सचंच घ्या. लिबर्टी इंजिन १९१७ मध्ये अमेरिकेने युद्धासाठी आखलं आणि ती २० हजारांच्या वर बनली. म्हणजे त्याची पुस्तकं आहेत, सुटे भाग आहेत, जाणकार आहेत. बेंझचा गिअरबॉक्स दुर्मीळ खरा, पण त्याची भावंडं कुठेतरी सापडतात. चासी, बॉडी, इंजिन बसवण्याचे ब्रॅकेट, पेडलं, लिंकेज हे मात्र तिचं स्वतःचं. गंजून अर्धा झालेला ब्रॅकेट तिसऱ्या यादीत असेल तर तो फेकायचा नाही. पहिल्या यादीतलं बेअरिंग कितीही चकचकीत दिसलं तरी बदलायचं. कुठे हळवं व्हायचं आणि कुठे नाही, ते या याद्या ठरवून देतात.

उघडण्यापूर्वी

गाडी सपाट फरशीवर, चार स्टँडवर घ्या. सगळीकडून फोटो, मग प्रत्येक जोडाचे जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. परवडत असेल तर थ्रीडी स्कॅन करून घ्या. पुण्या-पिंपरीच्या टूलरूममध्ये हे काम रोज चालतं. वायरींचा, पाइपांचा, केबलींचा मार्ग हाताने काढा. हाताने काढताना जे लक्षात येतं ते फोटोत निसटतं.

रंग खरवडण्याआधी एक छोटी तपासणी करा. बॉडीचा झाकलेला कोपरा निवडा, म्हणजे सीटखाली किंवा बॉनेटच्या पट्ट्याखाली. तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा बारीक वॉटर पेपरने, पाणी लावून, गोल गोल घासा. मधोमध पत्रा दिसेपर्यंत आणि कडेला कमी कमी. रंगाचे थर एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडतात: वरचा अलीकडचा, खाली एखादा प्रदर्शनाचा, त्याखाली रेसचा, तळाला प्रायमर. भिंगातून पाहा. दोन थरांच्या मध्ये धुळीची काळी रेघ असेल तर खालचा रंग बरीच वर्षं उघडा राहिला होता. रेघ नसेल तर दोन्ही थर एका बैठकीतले. हे वर्तुळ वार्निश लावून कायम ठेवा. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासू नका आणि मास्क लावा.

उघडणं

प्रत्येक भागाला धातूचा बिल्ला, बिल्ल्याला नंबर, नंबर वहीत. नट-बोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच्या नावाच्या पिशवीत. वाकडा, बेढब बोल्टही ठेवा. घाईच्या रात्री पिटमध्ये कुणीतरी तो बसवलेला असतो आणि तोही इतिहासच आहे.

इंग्रजी गाडी असेल तर आटे व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे, ५५ अंशांचे. मेट्रिक आणि अमेरिकन आटे ६० अंशांचे. मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गेलेच. व्हिटवर्थ पाने पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात आजही मिळतात, आणि जुने घडीव पाने नव्यापेक्षा चांगले निघतात. जाम झालेल्या नटावर गंज सोडवणारं तेल सोडून दोन-तीन दिवस वाट बघा, रोज हलका ठोका द्या. तरीही हलला नाही तर नट तापवा आणि कोमट होताना आट्यांवर मेण टेकवा, ते आत ओढलं जातं. ॲल्युमिनियमच्या भागाजवळ ज्योत नेऊ नका. मॅग्नेशियमच्या भागाजवळ तर अजिबात नाही. तो एकदा पेटला की पाण्याने भडकतो. तिथे कोरडी वाळूच लागते.

गंज आणि मीठ

समुद्रकाठी, पाण्यात किंवा वाळूत राहिलेल्या गाडीत नुसता गंज नसतो, गंजाच्या आत क्षार असतात. वरून साफ करून रंग मारला तर पावसाळ्यात रंगाखाली फोड येतात. कोकणात गाडी ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको. क्षार काढल्याशिवाय बाकी सगळं वाया.

लोखंडी भागांसाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी करा, लिटरला साधारण १० ग्रॅम. भाग त्यात बुडवा आणि बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा. धन टोकाला साध्या लोखंडाचा निरुपयोगी पत्रा. स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि ठिणगी लांब ठेवा. पाणी बदलत राहा. क्षार संपले का ते बघायला पाण्याचा छोटा नमुना घ्या, नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरा साका आला तर काम अजून बाकी आहे.

ॲल्युमिनियम या टाकीत घालू नका, सोडा ते खातो. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल बोल्टही नकोत. हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं आणि ते वरून कळत नाही.

चासी

सपाट पृष्ठावर ठेवून कर्ण मोजा. दोन्ही सारखे नसतील तर चासी तिरकी आहे. पण ती अपघातात तिरकी झाली की सुरुवातीपासूनच तशी होती, हे आधी शोधा. हाताने बनलेल्या गाड्यांत डावी-उजवी बाजू थोडी वेगळी असणं नेहमीचंच. मूळचा वाकडेपणा ‘सुधारला’ तर गिअरबॉक्स आणि ॲक्सल एका रेषेत बसत नाहीत.

पोलादी भागांना मॅग्नेटिक पार्टिकल, ॲल्युमिनियमला डाय पेनिट्रंट अशी तडा-तपासणी सगळीकडे करून घ्या. स्टिअरिंगचे दांडे, पुढचा ॲक्सल, स्टब ॲक्सल, स्प्रिंगचे शॅकल, यांत तडा दिसला तर वेल्डिंगने बुजवायचा विचारही नको. तो भाग नवीन करा आणि जुना नंबर लावून कपाटात ठेवा. रिव्हेटची चासी रिव्हेटनेच दुरुस्त करायची. वेल्डिंगची उष्णता जुन्या पोलादाचा ताव बिघडवते आणि पुढचा तडा वेल्डिंगच्या शेजारीच येतो.

इंजिन

ते फिरतं का हे बघायला चालू करून पाहायची गरज नाही. प्लग काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, आठवडाभर थांबा, लांब दांड्याने हाताने फिरवा. अडलं तर थांबा. बोअरस्कोपने, म्हणजे भोकातून आत जाणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने, आत बघा.

त्या काळच्या बहुतेक रेसिंग इंजिनांत व्हाइट मेटलची बेअरिंग असतात, म्हणजे ८९ टक्क्यांच्या आसपास कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. ती पुन्हा ओतून घेता येतात. जुनं धातू वितळवून काढायचं, शेल स्वच्छ करून कथलाचा थर चढवायचा, शेल गरम असतानाच ओतायचं. हा थर नीट धरला नाही तर बेअरिंग शेलपासून सुटतं. टिचकी मारून बघा, बद्द आवाज आला तर पुन्हा ओता. मग बोअरिंग, आणि शेवटी हाताने स्क्रेपिंग: शाफ्टला ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावून फिरवा, उंच ठिपके निळे दिसतील, तेवढेच खरवडा, पुन्हा लावा. पूर्ण पृष्ठावर सारखे ठिपके येईपर्यंत. हे काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत. कुणी सापडला तर शेजारी उभं राहून शिकून घ्या.

कनेक्टिंग रॉड तपासणीत पास झाले तरी रेसमध्ये जुने वापरू नका. धातूचा थकवा तडा पडेपर्यंत दिसत नाही, आणि तुटलेला रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. क्रँककेस तिसऱ्या यादीत असेल तर मग काय उरतं? एन-२४ पोलादाचे नवे रॉड त्यामानाने स्वस्त.

पेट्रोलकडेही बघा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कार्बुरेटरमधले बुचाचे फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे, लाखेने बंद केलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बूच पेट्रोल पितं, जड होतं, फ्लोट बुडतो, पेट्रोल उतू जाऊन तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. फ्लोट बाहेर काढून वजन करा, इथेनॉलला टिकणारं इपॉक्सी लावा किंवा पितळी फ्लोट बसवा. ऑइलचंही तसंच. एरंडेलावर चालणाऱ्या इंजिनात खनिज ऑइल वरून ओतू नका, दोन्ही मिसळत नाहीत. आधी सगळं उघडून जुना चिकट थर काढा.

नसलेले भाग

फोटोवरून मापं, स्कॅनवरून जागा, मग पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा नमुना गाडीवर बसवून पाहा. पटला तरच धातू. ओतकामासाठी पॅटर्न, म्हणजे साचा घेण्याचा नमुना, थोडा मोठा लागतो, कारण धातू थंड होताना आकसतो: बिडाला सुमारे एक टक्का, ॲल्युमिनियमला सव्वा टक्क्याच्या आसपास. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एका नगासाठी मोठा कारखाना दारात उभं करणार नाही, पण लहान फाउंड्रीवाला पॅटर्न तुमचा असेल तर एका ओतीत बसवून देतो. नेहमी तीन नग ओतून घ्या: एक कापून आत छिद्रं आहेत का बघायला, एक गाडीला, एक जपायला.

प्रत्येक नव्या भागावर, न दिसणाऱ्या जागी, वर्ष कोरा. पुढच्या माणसाला जुनं आणि नवं वेगळं करता आलं पाहिजे.

पत्रा

ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकताना कडक होतो, त्याला मऊ करावं लागतं, आणि तापल्यावर तो रंग बदलत नाही, सरळ वितळून खाली पडतो. त्यासाठी ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरा, मग ऑक्सिजन वाढवून ज्योत फिरवत राहा. काजळी नाहीशी झाली की त्या जागी पुरेसा ताव आला. आकार लाकडी मोगरीने वाळूच्या पिशवीवर, मग इंग्लिश व्हीलवर, म्हणजे दोन चाकांमध्ये दाबून पत्रा वळवणाऱ्या यंत्रावर, आणि लाकडी साच्यावर वारंवार बसवून. मूळ पत्र्याचा फाटका तुकडाही उरला असेल तर त्याची जाडी आणि वळण तेच घ्या. हातोड्याचे जुने ठसे पुट्टीने बुजवू नका. रेसची गाडी आरशासारखी कधीच नव्हती.

चाकं, ब्रेक आणि पहिली सुरुवात

बॅब्सनंतर चाकांबद्दल वाद घालायचं कारण नाही. जुन्या तारांची चाकं भिंतीवर. चालवायला नव्या तारा, नवे रिम, नवे टायर. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. हवेने फुंकू नका, ओलं करून काढा, पिशवीत बंद करा.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून, ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत नुसतं फिरवा. गाडीची टाकी वापरू नका, बाहेर छोटा डबा टांगा आणि त्याला नळ ठेवा, म्हणजे एका हाताने पेट्रोल तोडता येतं. दोन अग्निशामक, दोन माणसं. चेन ड्राइव्ह असेल तर चेनच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. थोडा वेळ चालवा, बंद करा, थंड होऊ द्या, ऑइल गाळून धातूचे कण बघा. चांदीसारखी चकाकणारी बारीक भुकटी म्हणजे व्हाइट मेटल सुटतंय; पुन्हा उघडायचं. कण नसतील तर सगळे नट परत आवळा आणि मगच मोकळ्या जागेत पहिल्या गिअरवर.

चाचण्या संपल्या की फाइल पूर्ण करा: याद्या, मापं, स्कॅन, तडा-तपासणीचे अहवाल, रंगाच्या वर्तुळाचा फोटो, काढलेल्या भागांचे नंबर आणि ते कोणत्या कपाटात आहेत ते. एक प्रत गाडीसोबत, एक दुसऱ्या घरी. गाडी उभी ठेवताना पेट्रोल पूर्ण काढा, टायरवरचा भार स्टँडवर घ्या आणि दर महिन्याला इंजिन हाताने दोन फेरे फिरवून तारीख वहीत लिहा.